वाफेच्या गाडीचा आद्य शिल्पकार

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात शिरलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिला कॉर्नवॉल म्हणतात. खडकाळ भूमी, खारा वारा आणि जमिनीच्या पोटात तांबे व कथील, हेच या प्रांताचे वैभव. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील एका घराच्या स्वयंपाकघरात एक नवलाचा प्रयोग चालला होता. विस्तवावर किटलीएवढा एक मजबूत लोखंडी बॉयलर ठेवला होता. शेजारी लखलखीत पितळेचे एक चिमुकले यंत्र होते. डेव्हिस गिडी नावाचा एक विद्वान गणितज्ञ भाता चालवीत होता. हाच गृहस्थ पुढे गिल्बर्ट या नावाने लंडनच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. पाहुणी म्हणून आलेल्या एका उमरावाच्या पत्नीकडे तोटी फिरविण्याचे काम होते. तिने तोटी फिरविली, कोंडलेली वाफ सुसाटत आत शिरली आणि ते खेळण्यासारखे दिसणारे यंत्र भराभर चालू लागले.

त्यानंतर लवकरच त्याच हातांनी घडविलेली दुसरी प्रतिकृती तयार झाली. तिला चाके होती. तिच्या पोटात गरम पाणी भरावयाचे आणि तापवून लाल केलेला लोखंडाचा तुकडा आतल्या नळीत सरकवावयाचा. पाण्याची वाफ होई आणि ती चिमुकली गाडी कोणी न ढकलता आपली आपण फिरू लागे. घोडा नाही, बैल नाही, वारा नाही, आणि तरीही चाक फिरते आहे, हे दृश्य त्या काळच्या माणसाला कसे वाटले असेल, याची आज आपल्याला नीटशी कल्पनाही करता यावयाची नाही. ही गाडी घडविणाऱ्या तरुणाचे नाव होते रिचर्ड ट्रेव्हिथिक.

रिचर्डचा जन्म १३ एप्रिल १७७१ रोजी कॅम्बोर्न व रेड्रथ या दोन खाणगावांच्या मध्ये असलेल्या इलोगन येथे झाला. त्याचा बाप खाणीचा व्यवस्थापक होता. अशा माणसाला तिकडे कॅप्टन म्हणत. बऱ्याच बहिणींमध्ये हा एकुलता एक मुलगा. तेव्हा त्याचे लाड झाले असल्यास नवल नाही. कॅम्बोर्नच्या शाळेत त्याचे मन फारसे रमले नाही. मुलगा आज्ञाधारक नाही, मंद आहे, हट्टी आहे आणि वारंवार गैरहजर राहतो, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. आम्हां शिक्षकांच्या हातून असे शेरे कधीकधी घाईने लिहिले जातात. गणिते मात्र हा मुलगा अचूक सोडवी. फक्त ती गुरुजींच्या रीतीने न सोडवता स्वतःच्याच कुठल्यातरी आडवाटेने सोडवी. शाळा सुटली, किंवा न सुटताही, तो खाणीवर जाऊन बसे आणि पाणी उपसणारी अजस्र यंत्रे तासन्‌तास पाहत राही.

वय वाढले तसा त्याचा देहही वाढला. त्याची उंची सहा फूट दोन इंच झाली. अंगात विलक्षण ताकद होती. कुस्तीत त्याला हरविणारा माणूस त्या भागात क्वचितच सापडे. लोक त्याला कॉर्नवॉलचा राक्षस म्हणत, पण ते कौतुकाने. एकोणिसाव्या वर्षी तो खाणीवर कामाला लागला आणि थोड्याच काळात यंत्रांच्या बाबतीत वडीलधारी माणसेही त्याचा सल्ला घेऊ लागली.

आता त्या यंत्रांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्यांवर अवलंबून आहे. खाण जसजशी खोल जाते तसतसे तिच्यात पाणी साचते. ते उपसले नाही तर खाण बुडते आणि शेकडो कुटुंबांची भाकर जाते. कॉर्नवॉलमध्ये हे पाणी वाफेची यंत्रे उपसत. पण तेथे दगडी कोळसा निघत नाही. तो वेल्समधून जहाजाने आणावा लागे आणि म्हणून फार महाग पडे. जेम्स वॉट याने कमी कोळशात चालणारे यंत्र काढले होते. त्याच्यामुळे कोळशाची जी बचत होई, तिच्या किमतीचा तिसरा हिस्सा खाणवाल्यांना वॉटच्या कंपनीला द्यावा लागे. यंत्राचे पेटंट १८०० सालापर्यंत वॉटकडेच होते आणि त्यामुळे खाणवाले मनातून धुमसत असत.

वॉटच्या यंत्रात वाफ मंद दाबाची असे. तिचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून फारसा अधिक नसे. काम झालेली वाफ दुसऱ्या एका भांड्यात नेऊन थंड पाण्याने निववीत. वाफेचे पाणी होताच दट्ट्याच्या एका बाजूला पोकळी निर्माण होई आणि दट्ट्या तिकडे ओढला जाई. युक्ती उत्तम होती. पण तिच्यासाठी थंड पाण्याचा मोठा साठा, पंप आणि घराएवढे यंत्र लागे. असे धूड चाकांवर ठेवून गावोगाव कोण फिरविणार?

ट्रेव्हिथिकच्या मनात निराळाच विचार घोळत होता. वाफ भक्कम भांड्यात कोंडून तिचा दाब चांगला वाढवावा, त्या दाबानेच दट्ट्या ढकलावा आणि काम झालेली वाफ निववीत न बसता सरळ हवेत सोडून द्यावी. पण तसे केले तर किती शक्ती फुकट जाईल? हे कोडे त्याला सुटेना. त्याने ते गिडीपुढे ठेवले. गिडीने हिशेब केला. वाफ किती का जोराची असेना, ती हवेत सोडल्याने फक्त हवेच्या एका दाबाइतकाच तोटा होणार होता. वाफेचा दाब हवेच्या कित्येक पट असेल तर एवढा तोटा म्हणजे काहीच नव्हे. हे उत्तर ऐकून या धिप्पाड तरुणाला असा आनंद झाला, की तसा आनंद झालेला माणूस आपण क्वचितच पाहिला, असे गिडीला पुढे कित्येक वर्षे आठवत होते.

मात्र वॉटला हा मार्ग मुळीच मान्य नव्हता. जोराच्या वाफेने बॉयलर फुटेल आणि माणसे मरतील, असे त्याला वाटे. त्याचे भय अगदीच निराधार नव्हते, हे पुढे दिसेलच.

१७९७ साल रिचर्डच्या आयुष्यात मोठ्या उलथापालथीचे गेले. त्या वर्षी त्याचा बाप वारला आणि त्याच वर्षी जेन हार्वे हिच्याशी त्याचा विवाह झाला. हेल येथील एका ओतकाम-कारखान्याच्या मालकाची ती मुलगी होती. याच सुमाराला त्या पितळी प्रतिकृती तयार झाल्या. त्या काळातील त्याची एक चिमुकली गाडी लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

प्रतिकृती चालली, तेव्हा आता खरी गाडी का चालू नये? ट्रेव्हिथिकने आपला नातलग अँड्र्यू व्हिव्हियन याला हाताशी धरले. सुटे भाग ठिकठिकाणी घडवून आणले आणि २४ डिसेंबर १८०१ रोजी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, कॅम्बोर्नच्या रस्त्यावर एक धूर ओकणारे वाहन उभे राहिले. वाफ सुटताच सातआठ माणसे उड्या मारून तिच्यावर चढली. पुढे चढण होती. तेवढा बोजा घेऊन गाडी ती चढण माणसाच्या चालीपेक्षा अधिक वेगाने चढून गेली. गावकऱ्यांनी तिचे नाव धापा टाकणारा सैतान असे ठेवले.

तिचे आयुष्य जेमतेम चार दिवसांचे ठरले. दुसऱ्या एका सफरीत रस्त्यावरील घळीत आपटून ती मोडली. मंडळींनी तिला ओढून एका पडवीत ठेवले आणि जवळच्या खाणावळीत जाऊन भाजलेल्या हंसाच्या मेजवानीवर ताव मारला. गाडीतला विस्तव विझविण्याची आठवण मात्र कोणालाच राहिली नाही. बॉयलरमधील पाणी आटून गेले, लोखंड लाल झाले आणि आसपासचे सारे लाकूड पेटले. मंडळी बाहेर येऊन पाहतात तो काय, राख आणि वाकलेले लोखंड! ट्रेव्हिथिकचा स्वभाव असा होता, की कठीण गोष्ट तो सहज साधी, आणि सोपी गोष्ट विसरे.

पण तो खचला नाही. १८०२ मध्ये त्याने व व्हिव्हियनने आपल्या यंत्राचे पेटंट मिळविले. त्याच वर्षी कोलब्रुकडेल येथे उभारलेले त्याचे एक यंत्र दर चौरस इंचास १४५ पौंड इतक्या दाबाने चालले, तेव्हा पाहणारे थक्क झाले. १८०३ मध्ये त्याने लंडनच्या रस्त्यांवर वाफेची प्रवासी गाडी फिरवून दाखविली. पण घोडागाडीपेक्षा ती महाग आणि त्रासदायक ठरली. म्हणून ती मोडीत निघाली.

याच वर्षी ती दुर्घटना घडली. ८ सप्टेंबर १८०३ रोजी ग्रिनिच येथे पाणी उपसणाऱ्या त्याच्या एका यंत्राचा बॉयलर फुटला. यंत्रावर एका पोराला नेमले होते. ते काम सोडून ते पाण्यातले मासे धरावयास गेले. दुसऱ्या एका मजुराने यंत्र बंद केले, पण झडप मोकळी केली नाही. वाफेला वाट उरली नाही आणि भयंकर स्फोट होऊन चार माणसे मृत्युमुखी पडली. जोराच्या वाफेच्या विरोधकांना हे आयतेच मोठे हत्यार मिळाले. ट्रेव्हिथिकला त्यांचा राग आला. पण केवळ चूक त्या पोराची होती, एवढे म्हणून तो स्वस्थ बसला नाही. माणूस चुकणारच, तेव्हा त्याच्या चुकीतूनही निभावेल असे यंत्र केले पाहिजे, हे त्याने ओळखले. त्याने बॉयलरला एकाऐवजी दोन सुरक्षा-झडपा बसविल्या. शिवाय बॉयलरच्या पत्र्याला भोक पाडून त्यात शिशाचे बूच बसविण्याची युक्ती काढली. जोपर्यंत बुचावर पाणी आहे तोपर्यंत शिसे थंड राहते. पाणी त्याच्या खाली उतरले, की उष्णतेने शिसे वितळते, भोक मोकळे होते, वाफ फुसकन बाहेर पडते आणि बॉयलर फुटण्यापूर्वीच सर्वांना सूचना मिळते. वितळणाऱ्या बुचाची ही युक्ती पुढे जगभर वाफेच्या इंजिनांत वापरली गेली. तिने किती माणसांचे प्राण वाचविले असतील, याची गणती कोण करणार?

आता आपण वेल्समध्ये जाऊ. तेथील मर्थर टिडफिल या गावाजवळ पेनिडॅरन नावाचा लोखंडाचा मोठा कारखाना होता. त्याचा मालक सॅम्युअल होम्फ्रे. कारखान्यात तयार झालेले लोखंड पावणेदहा मैलांवरील कालव्यापर्यंत न्यावे लागे. त्यासाठी ओतीव लोखंडाच्या पट्ट्यांची वाट केलेली होती आणि तिच्यावरून घोडे डबे ओढीत. ट्रेव्हिथिकचे इंजिन दहा टन लोखंड कालव्यापर्यंत ओढून नेईल, अशी होम्फ्रेने शेजारच्या एका कारखानदाराशी तब्बल ५०० गिन्यांची पैज लावली.

पैज घेणाऱ्याला इंजिनाच्या ताकदीचा संशय होताच; पण त्याहून मोठा संशय चाकांविषयी होता. गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी पट्टीवर जागच्या जागीच घसरत फिरेल आणि गाडी पुढे सरकणारच नाही, असे अनेक शहाण्यासुरत्या लोकांना वाटत असे. ट्रेव्हिथिकला मात्र इंजिनाचे वजनच चाकांना पकड देईल असा भरवसा होता.

२१ फेब्रुवारी १८०४ हा दिवस उजाडला. इंजिन सुमारे पाच टन वजनाचे होते. त्याला एकच सिलिंडर होता, आणि दट्ट्याची चाल एकसारखी राहावी म्हणून बाजूला आठ फूट व्यासाचे एक जड चाक बसविलेले होते. त्या चाकाकडून दातेरी चक्रांच्या द्वारे गती खालच्या चाकांना मिळे. काम झालेली वाफ धुराड्यात सोडलेली होती. ती वर उसळताना आपल्याबरोबर धूर ओढून नेई, त्यामुळे भट्टीत ताजी हवा जोराने शिरे आणि विस्तव अधिक फुले. म्हणजे इंजिन जितके जोरात चालेल तितका विस्तव आपोआप भडकणार! इतकी साधी आणि इतकी उपकारक युक्ती यंत्रविद्येत क्वचितच आढळते. वाफेची इंजिने चालत होती तोवर त्यांच्या भकभक आवाजातून हीच युक्ती ऐकू येत असे.

पाच डबे जोडले. त्यांत दहा टन लोखंड भरले. सत्तर माणसे हौसेने वर चढून बसली. इंजिन हलले, चाके घसरली नाहीत आणि ती लांबलचक मिरवणूक दरी उतरू लागली. वाटेत काही झाडे तोडावी लागली, मोठाले दगड बाजूला सारावे लागले. तरीही पावणेदहा मैलांचा प्रवास चार तास पाच मिनिटांत पुरा झाला. वाटेत बॉयलरमध्ये पाण्याचा थेंबही घालावा लागला नाही. रुळांवरून धावणाऱ्या वाफेच्या इंजिनाने माल आणि माणसे ओढून नेल्याची ही जगातील पहिली नोंदलेली घटना होय.

मग त्याच दिवसापासून जगात आगगाडी का सुरू झाली नाही? याचे कारण इंजिनात नव्हते. ते त्याच्या पायाखाली होते. घोड्यांच्या गाड्यांसाठी ओतलेल्या त्या ठिसूळ पट्ट्या पाच टनांचा भार सोसू शकत नव्हत्या. इंजिन पुढे जाई आणि मागे मोडलेल्या पट्ट्यांचे तुकडे पडत. थोड्या फेऱ्यांनंतर कारखानदाराने घोडे पुन्हा जुंपले. इंग्लंडच्या उत्तरेस एका कोळशाच्या खाणीसाठी १८०५ मध्ये ट्रेव्हिथिकच्या आराखड्यावरून दुसरे इंजिन बांधले गेले. तेथील रूळ तर लाकडाचे होते. ते इंजिनही खाणीच्या वाटेवर कधी धावले नाही.

पेनिडॅरनच्या त्या इंजिनाची पूर्ण आकाराची चालती प्रतिकृती १९८१ मध्ये बांधण्यात आली. ती वेल्समधील स्वॉन्झी येथील संग्रहालयाच्या मालकीची आहे. घरोघरी हौसेने लहान प्रतिकृती करणारे कारागीरही अनेक आहेत. अशा कामात पितळेचे पत्रे कापणे, रिव्हेट बसविणे आणि चाके जुळविणे हे अर्धेच काम असते. खरी परीक्षा रंगकामात होते. कारखान्याचे इंजिन काही राजाच्या रथासारखे चकचकीत नसे. ते रात्रंदिवस धुळीत आणि चिखलात राबे. म्हणून जाणता कारागीर आधी मंद काळा रंग देतो, मग बारीक कुंचल्याने चाकांच्या कडांना गंजाची तांबूस छटा लावतो, धुराड्याच्या तोंडाशी काजळी उठवितो आणि बॉयलरच्या सांध्यांतून पाणी झिरपून जेथे क्षारांचे ओघळ आले असतील तेथे पांढुरकी रेघ ओढतो. ज्या ठिकाणी हात लागतो ती मूठ मात्र तो घासलेली आणि उजळ ठेवतो. तुमच्यापैकी कोणी पुठ्ठ्याचे आणि रिकाम्या डब्यांचे इंजिन करणार असेल, तर त्याने रंग देण्यापूर्वी एखाद्या जुन्या यंत्राकडे जाऊन नीट पाहावे. गंज कोठे चढतो आणि कोठे चढत नाही, हे पाहूनच कळते.

१८०७ मध्ये ट्रेव्हिथिकने लंडनच्या टेम्स नदीखालून बोगदा खणण्याचे काम अंगावर घेतले. सुमारे हजार फूट बोगदा झाला होता, पलीकडचा काठ जवळ आला होता, आणि जानेवारी १८०८ मध्ये नदीचे पाणी आत घुसले. सर्व मजूर निसटल्यावर ट्रेव्हिथिक शेवटी बाहेर पडला. त्या वेळी तो बुडण्याच्याच बेतात होता. काम सुटले ते सुटलेच. त्याच वर्षी त्याने लंडनमध्ये, आज जेथे यूस्टन स्थानक आहे त्याच्या जवळपास, वर्तुळाकार रूळ टाकून भोवती उंच कुंपण घातले आणि आत नवे इंजिन फिरविले. कोण मला पकडतो ते पाहू, अशा अर्थाचे खट्याळ नाव गिडीच्या बहिणीने त्या इंजिनाला दिले होते. एक शिलिंग द्यावा आणि वाफेच्या गाडीत बसण्याची मौज लुटावी. पण खालची जमीन मऊ होती. येथेही रूळ मोडला, इंजिन कलंडले आणि प्रेक्षक पांगले. या वेळी ट्रेव्हिथिकचे मन उडाले. त्याने पुन्हा रुळांवरचे इंजिन म्हणून केले नाही.

माझ्या मते त्याच्या आयुष्यातील सर्वांत दुःखाची घटना हीच होय. इंजिन त्याला साधले होते. उरला होता तो रुळांचा प्रश्न, आणि तेथे लागत होती चिकाटी. नवीन गोष्ट शोधण्याचे त्याला वेड होते, पण शोधलेली गोष्ट धरून बसण्याचे धैर्य त्याला कमी होते. हिशेबाकडे तर त्याने कधीच लक्ष दिले नाही. १८१० मध्ये तो विषमज्वरासारख्या भयंकर तापाने आजारी पडला आणि मरता मरता वाचला. १८११ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. तरीही गावी परतल्यावर तो पुन्हा कामाला लागला. त्याने खाणींसाठी नवे बॉयलर केले, आणि १८१२ मध्ये धान्याची मळणी करणारे वाफेचे यंत्र बांधले.

इतक्यात दूर देशाहून एक माणूस त्याला शोधीत आला. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात अँडीज पर्वतावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १४,००० फूट उंचीवर, सेरो द पास्को येथे रुप्याच्या खाणी आहेत. त्या पाण्याने भरल्या होत्या. फ्रान्सिस्को उव्हिल्ये हा तेथील उद्योजक यंत्रे घेण्यासाठी इंग्लंडला आला. वॉटच्या कंपनीने त्याला निराश केले. एवढाली यंत्रे खेचरांच्या पायवाटेने पर्वतावर नेता यावयाची नाहीत, आणि नेली तरी तेथील विरळ हवेत ती जोर धरणार नाहीत, असे तिचे म्हणणे पडले. आणि मंद दाबाच्या यंत्रांपुरते ते खरेच होते. उदास होऊन लंडनमध्ये भटकताना उव्हिल्येला एका दुकानात एक चिमुकले यंत्र दिसले. ती ट्रेव्हिथिकच्या यंत्राची प्रतिकृती होती. त्याने ती २० गिन्यांना विकत घेतली, जहाजातून पेरूला नेली, पर्वतावर चढविली आणि तिच्या पोटात विस्तव केला. ती उत्तम चालली. मग तो ट्रेव्हिथिकचा पत्ता काढीत इंग्लंडला परतला.

१८१४ मध्ये यंत्रे पेरूला रवाना झाली. खेचरांच्या पाठीवर लादता यावीत म्हणून ती सुट्या तुकड्यांत घडविली होती. १८१६ च्या ऑक्टोबरात ट्रेव्हिथिकही त्यांच्यामागून निघाला. जेन सहा मुलांसह घरी राहिली. लिमा शहरात त्याचे मोठे स्वागत झाले. पण थोड्याच वर्षांत त्या देशात स्वातंत्र्याचे युद्ध पेटले. खाणींवरची यंत्रे उद्ध्वस्त झाली आणि हाती आलेले धन वाहून गेले. पुढे तो कॉस्टा रिकात गेला. तेथील खाणींपासून समुद्रापर्यंत वाट शोधण्यासाठी त्याने निबिड अरण्य पायी तुडविले. नद्यांतून तो बुडता बुडता वाचला. १८२७ मध्ये कार्ताहेना बंदरात तो पोहोचला तेव्हा अंगावर फाटके कपडे होते आणि जवळ परतीच्या भाड्यालाही पैसे नव्हते.

योगायोग असा, की त्याच बंदरात एक तरुण इंग्रज यंत्रज्ञ मायदेशी जाण्यासाठी थांबला होता. त्याचे नाव रॉबर्ट स्टीफन्सन. त्याचा बाप जॉर्ज स्टीफन्सन याने तोवर इंग्लंडात आगगाडी सुरूही केली होती. रॉबर्टने ट्रेव्हिथिकला ५० पौंड दिले. ज्याने आगगाडीचा प्रारंभ केला आणि ज्यांनी ती जगभर पोहोचविली, त्या दोघांची गाठ अशा रीतीने परक्या देशातील एका धर्मशाळेत पडावी, याला काय म्हणावे?

अकरा वर्षांनी ट्रेव्हिथिक घरी आला. त्याच्याजवळ एक सोन्याचे घड्याळ, आराखडे काढण्याचा एक कंपास, एक होकायंत्र आणि रुप्याच्या रिकिबीच्या आरांची एक जोडी, एवढीच संपत्ती होती. जेनने या काळात मुले कशी वाढविली असतील, हे तीच जाणे. तिच्या भावाचा आधार होता म्हणून निभावले. आपल्या शोधांमुळे खाणींचा अपार फायदा झाला, तेव्हा आपल्याला काही पारितोषिक मिळावे, असा अर्ज ट्रेव्हिथिकने पार्लमेंटकडे केला. तो नामंजूर झाला. तरीही कल्पनांचा झरा आटला नाही. १८३२ साली इंग्लंडात मतदानाचा नवा कायदा झाला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ हजार फूट उंचीचा ओतीव लोखंडाचा मनोरा उभारावा म्हणून त्याने आराखडा तयार केला.

अखेरच्या दिवसांत तो लंडनजवळील डार्टफर्ड येथे एका कारखान्यात काम करीत होता आणि तेथील खाणावळीत राहत होता. फुप्फुसाच्या तापाने तो अंथरुणाला खिळला आणि २२ एप्रिल १८३३ रोजी, बासष्टाव्या वर्षी, त्याने देह ठेवला. जवळ नातलग कोणी नव्हते, गाठीला पैसा नव्हता. कारखान्यातील कामगारांनी आपसांत वर्गणी काढली, त्याची शवपेटी खांद्यावर नेली आणि त्याला मूठमाती दिली. त्या काळी प्रेते चोरणारे लोक असत, म्हणून थडग्यावर रात्रीचा पहारेकरीही त्यांनी आपल्या पैशांनी ठेवला. दगड मात्र बसविला गेला नाही.

१८२० नंतर घडीव लोखंडाचे लांब रूळ लाटून काढता येऊ लागले होते. ते वजनाखाली मोडत नसत. १८२९ मध्ये स्टीफन्सन पितापुत्रांचे रॉकेट हे इंजिन शर्यत जिंकून गेले, तेव्हा त्याच्या धुराड्यातही काम झालेली वाफ सोडलेली होती. पुढे हाच रॉबर्ट मुंबईच्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा सल्लागार यंत्रज्ञ झाला, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली. त्या वेळी ट्रेव्हिथिकला जाऊन वीस वर्षे होत आली होती.

त्याचा मुलगा फ्रान्सिस हा इंग्लंडमधील एका मोठ्या रेल्वेत इंजिनांचा अधीक्षक झाला. १८७२ मध्ये त्याने बापाचे चरित्र लिहिले. ट्रेव्हिथिकच्या एका नातवाच्या देखरेखीखाली १८९३ मध्ये जपानात बांधलेले पहिले रेल्वे इंजिन तयार झाले. आणि कॅम्बोर्न येथे वाचनालयासमोर १९३२ पासून रिचर्ड ट्रेव्हिथिकचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. त्याच्या एका हातात गाडीची एक चिमुकली प्रतिकृती आहे.